कॅराव्हॅन ८ लाखांची, पण तिला ओढणार कोण?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, वय ५३ आणि ५०, दोघंही नोकरीत. ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, गृहकर्जाचे ९ लाख बाकी आहेत. वापरलेली एक कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, ८ लाखांत मिळतेय. रिकामी ९५० किलो, सामान भरून कमाल १,३०० किलो. आमची पेट्रोल हॅचबॅक १,०५० किलोची आहे. विकणारा म्हणतो, सहज ओढेल. एफडी मोडून घ्यावी का? हॉटेलांचा खर्च तरी वाचेल.

उत्तर: आत्ता नको. हौसेला माझा विरोध नाही, पण तुम्ही किंमत चुकीच्या वस्तूची विचारलीत.

सपाट रस्त्यावर तुमची हॅचबॅक ती कॅराव्हॅन ओढेलही. कसारा घाट उतरताना मागून १,३०० किलो ढकलू लागले, की थांबवायचं कोणी? ब्रिटनमध्ये नवख्या कॅराव्हॅनवाल्यांना एक ढोबळ हिशेब सांगतात: सामानासकट कॅराव्हॅनचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, पण शहाणपणाचा आहे. तुमच्या गाडीला ही मर्यादा जेमतेम ८९० किलो येते. म्हणजे पाण्याची एक कळशीही न भरता कॅराव्हॅन जड झाली. १,३०० किलोसाठी गाडी निदान १,५३० किलोची हवी. शिवाय गाडीच्या कंपनीने मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता लिहिलेली हवी. दोन्हींत जो आकडा कमी, तोच धरायचा. मॅन्युअलमध्ये ‘ट्रेलर ओढू नये’ असं असेल, तर अपघातानंतर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांची गाडी दणकट होती, तरी हायवेवर कॅराव्हॅनची शेपटी डुलायला लागली. घरी येऊन त्यांनी बाथरूममधला वजनकाटा हिचखाली (कॅराव्हॅन गाडीला जोडतात तो पुढचा सांधा) लाकडी ठोकळ्यावर ठेवून पाहिलं, तर भार जेमतेम ३० किलो. पाण्याचे कॅन, खुर्च्या, तंबू सगळं मागच्या टोकाला कोंबलेलं! कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हिचवर यावा लागतो. तुमच्या बाबतीत ६५ ते ९० किलो. म्हणून जड सामान खाली आणि चाकांच्या आसापाशी ठेवायचं. हा भार गाडीच्या मागच्या चाकांवरही येतो, तेव्हा डिकीत तेवढं सामान कमी.

तर खरी खरेदी गाडीची आहे. अशी डिझेल एसयूव्ही २० लाखांना धरली आणि ५ लाख रोख भरले, तर १५ लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी ५ वर्षं महिना ३१,१०० च्या आसपास हप्ता येईल. निव्वळ व्याज साधारण ३ लाख ७० हजार. तुम्ही ५८ ला निवृत्त होणार असाल, तर हा हप्ता थेट निवृत्तीच्या दारात संपतो. मला ते पटत नाही.

हॉटेलचं म्हणाल, तर गाडी बाजूला ठेवून नुसत्या कॅराव्हॅनचा हिशेब करू. पाच वर्षांत निम्मी किंमत गेली, तर वर्षाला ८० हजार घट. ८ लाखांवरचं ७ टक्के व्याज बुडालं ५६ हजार. पार्किंग महिना ३ हजार धरलं, कारण तुमच्या सोसायटीत स्टिल्टखाली ती मावणार नाही: ३६ हजार. विमा, टायर, दुरुस्ती २८ हजार. झाले २ लाख. नोकरी सांभाळून वर्षाला २५ रात्री बाहेर काढल्यात, तर रात्र ८ हजारांना पडली. त्यात दापोलीला बऱ्यापैकी खोली मिळते, वर कोणी मासे तळून देतं. निवृत्तीनंतर वर्षाला ८० रात्री फिरलात, तर हाच आकडा अडीच हजारांवर येईल. तेव्हा हिशेब जुळू शकतो.

म्हणून एफडीला हात लावायचाच असेल, तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून उरलेले गृहकर्जात भरा. कर्जाचा दर सहसा एफडीपेक्षा चढाच असतो. हॅचबॅक बदलायची वेळ येईल तेव्हा वजन आणि ओढण्याची क्षमता पाहून गाडी निवडा. तोवर या हिवाळ्यात चार रात्री भाड्याच्या कॅम्परव्हॅनने, म्हणजे आतच राहायची सोय असलेल्या गाडीने, फिरून या. बाईसाहेबांना त्यातलं शौचालय साफ करणं पटतंय का, तेही कळेल.

विकणाऱ्याला टोकन देऊन बसला असाल, तर पुढचा पैसा देण्याआधी कॅराव्हॅनची आरसी मागा. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते. तुमच्या गाडीच्या आरसीवर तिचं भागत नाही.