घरची कोंबडी कापताना

प्रश्न : आम्ही परसात गावरान कोंबड्या पाळतो. त्या कापताना त्यांना कमीत कमी त्रास व्हावा, यासाठी काय करावे?

उत्तर : कोंबडीचा बराचसा त्रास सुरीपूर्वीच, म्हणजे पाठलाग, धरपकड आणि पाय बांधून उलटे टांगून ठेवणे यांतून होतो. म्हणून आदल्या रात्री अंधारात, पक्षी शांत असताना, दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला उचलावे आणि वेगळ्या खुराड्यात ठेवावे. कापण्याआधी आठ ते बारा तास दाणे देऊ नयेत. पाणी मात्र बंद करू नये.

इतर कोंबड्यांच्या नजरेआड, पत्र्याच्या रुंद नरसाळ्यात डोके खाली येईल अशा रीतीने तिला ठेवल्यास पंख आवळलेले राहतात आणि फडफड कमी होते. सुरी अत्यंत धारदार हवी, कारण बोथट सुरीने मान घासत राहणे ही खरी क्रूरता होय. जबड्याच्या लगेच खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच सफाईदार घावात कापल्या गेल्या पाहिजेत. एकच बाजू कापली गेल्यास शुद्ध हरपायला अधिक वेळ लागतो. त्यानंतरची फडफड बहुधा प्रतिक्षिप्त असते. तरीही किमान दीड-दोन मिनिटे रक्त वाहू द्यावे आणि डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलत नाही, श्वासही थांबला आहे, याची खात्री झाल्याशिवाय गरम पाण्यात बुडवू नये.

अन्नासाठी प्राणी मारण्यास १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मुभा देतो, पण अनावश्यक वेदना देण्यास नाही. हात सराईत नसेल, तर पहिल्यांदा जाणत्या माणसाला सोबत घ्यावे.