आजी अजून विळीवरच का बसते?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीला ६४ टक्के. गेल्या वर्षी तिनं गुडघे धरलेल्या आजीसाठी ओट्याच्या कडेला क्लॅम्पने आवळून बसवायची खवणी केली. कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, व्हिडिओ गावभर फिरला, तीन सत्कार झाले. वडील विचारतात: पेटंट कसं काढायचं? प्लास्टिकच्या साच्याचं ४ लाख २० हजारांचं कोटेशन आलंय, त्यासाठी बागेवर कर्ज काढू का? आणि चित्रकला बेताची असताना डिझाइनच्या कॉलेजात चार वर्षं घालवण्यापेक्षा तिला थेट कंपनीच काढून दिली तर काय वाईट?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राची चारही पानं दोनदा वाचली. पेटंट, साचा, कर्ज हे सगळं पहिल्या तीन पानांत आहे. चौथ्या पानावर, सहीच्या जरा वर, तुम्ही जाता जाता लिहिलंय: 'हल्ली ती त्या वस्तूला हात लावत नाही, विषय काढला की चिडते. आळस, दुसरं काय. आईला म्हटलं वापर, तर तिला जुन्या विळीचीच सवय.' तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. माझ्यासाठी पत्र तिथूनच सुरू होतं.

सतरा वर्षांच्या मुलीनं आजीसाठी एक वस्तू केली आणि ती आजीला चालली नाही. घरात हे दोघींनाच ठाऊक, तिला आणि आजीला. तेवढ्यात तुम्ही तिला स्टेजवर चढवलंत. (नारळ खवायच्या खवणीबद्दल शाल आणि श्रीफळ! ते श्रीफळ घरी कशावर खवलं, हे विचारायचा मोह आवरते.) तीन वेळा तिला माइकवर सांगावं लागलं की माझ्या खवणीनं आजीचा त्रास वाचला. घरी आली की आजी पुन्हा जमिनीवर, विळीवर. मग ती चिडेल नाही तर काय करेल? तुम्हाला तो आळस वाटतो. मला तर वाटतं, खोटं बोलून बोलून ती कंटाळली आहे. माझा अंदाज चुकत असेल तर तिनं स्वतः मला दोन ओळी लिहाव्यात, आनंदानं मागे घेईन.

'इंजिनिअरिंगच कर' म्हणणारे वडील माझ्याकडे आठवड्याला चार येतात. त्यांची मुलं निदान त्यांच्याशी भांडतात. कौतुकाचा डोंगर उभा करणाऱ्या बापाशी भांडायचं कसं? त्यात आता बाग गहाण टाकायची गोष्ट निघालीय. कलमांवरच्या कर्जाचा हप्ता थकला तर त्याचं ओझं कुणाच्या मानेवर बसेल? बारावीतल्या मुलीच्या. हे मला तिच्या ६४ टक्क्यांपेक्षा फार जास्त काळजीचं वाटतं. टक्क्यांचं बोलतच नाही.

आधी पेटंटचा गैरसमज काढू, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. पेटंट मिळालं म्हणजे पैसे सुरू झाले, असं लोक धरून चालतात, जणू ती पेन्शनच. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, तोही अर्ज केल्यापासून २० वर्षं आणि फक्त या देशापुरता. कुणी नक्कल केली तर कोर्टाची पायरी तुम्हीच चढायची, तुमच्याच खर्चानं. माल खपेल याची हमी त्यात कुठेही लिहिलेली नसते. शिवाय वस्तू नवी लागते, आणि नवी म्हणजे अर्जाआधी जगासमोर न आलेली. तुम्ही तर खवणीचा व्हिडिओ, तिची आतली रचना दाखवून, सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलात. नुसत्या रूपाची नोंदणी वेगळी होते, डिझाइन कायद्याखाली, आधी १० वर्षं आणि मग आणखी ५. पण तिथेही अट तीच. ओट्यावर बसवायच्या खवण्या बाजारात आधीपासून आहेत, मुठीनं फिरवायच्याही आहेत, हे तुम्ही पाहिलं असेलच. तेव्हा पेटंटचा विषय मिटला, असं समजा.

आता साचा. तुम्ही लिहिलंय, पहिले १००० नग काढू आणि ४९९ला विकू. ४ लाख २० हजार भागिले १०००: प्रत्येक खवणीवर साच्याचेच ४२० रुपये. उरले ७९. त्यात प्लास्टिक, स्टीलचं पातं, क्लॅम्प, खोका, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन, जीएसटी, आणि मोडून परत आलेले नग. हा हिशेब कोटेशन देणाऱ्यानं सांगितला नाही, कारण साचा विकणं हा त्याचा धंदा. साचा करावा तो शेवटी, वस्तूत बदलायचं काही उरलं नाही म्हणजे. पोलादाचा साचा कोरून मोठा करता येतो, कोरलेलं पुन्हा भरणं जिकिरीचं. म्हणून डिझायनर आधी पुठ्ठा, थर्माकोल, लाकूड असल्या स्वस्त गोष्टींत चुका करून घेतात. मग वेल्डर आणि सुतार यांच्याकडून पाच-दहा नग करून लोकांच्या हातात देतात. तुमच्याकडे ते काम कणकवली-कुडाळात सहज होईल.

पण पाच नग तरी कसल्या खवणीचे करायचे? आजी जिच्याकडे पाठ फिरवते, तिचे? 'सवय' म्हणून विषय संपवू नका. आजीला विळीवर काय मिळतं ते बघा. पाटावर एक पाय दाबला की विळी जागची हलत नाही, अंगाचा भार वरून येतो, दोन्ही हात नारळाची कवड, म्हणजे अर्धी वाटी, फिरवायला मोकळे. ओटा साधारण अडीच-पावणेतीन फूट उंच. ठेंगण्या बाईचं कोपर तिथं वर उचललं जातं आणि सगळा जोर खांद्यावर येतो. गुडघा सुटला, खांदा धरला. शिवाय ग्रॅनाइटची कड गोल केलेली असेल तर क्लॅम्प घसरणार. आणि चव, म्हणजे खवलेलं खोबरं! मोदकाच्या सारणाचा चव बारीक, पांढराशुभ्र लागतो. पाठीचं तपकिरी त्यात उतरलं तर आजी चारचौघांत वाढायची नाही. हे सगळं हाताच्या जाणिवेवर चालतं, आणि ती जाणीव नव्या खवणीवर येत नसेल. नसेल म्हणतेय, कारण इथं बसून मला कळणार नाही. तुमच्या मुलीला कळेल. कदाचित उत्तर ओट्यावर नसेलच, साध्या स्टुलाच्या उंचीवर असेल. मग क्लॅम्पच नको.

तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे वेगळं शिकवायला नको. पडवीत टांगलेला झेला, आंबे उतरवायची काठीची जाळी, काढा. आंबा देठासकट उतरला नाही तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, पेटीत तोच आंबा आधी जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याला पातं आहे ते देठ राखून कापण्यासाठी. नुकसान नेमकं कुठं होतं हे आधी शोधलं, पातं मग लावलं. तुमच्या घरात हे शहाणपण आहेच, फक्त मुलीच्या खवणीपर्यंत ते पोचलेलं नाही.

आणि ती अमेरिकेतली गोष्ट. 'एकानं संधिवाताच्या बायकोसाठी सोलाणं केलं आणि करोडपती झाला,' असं तुम्हाला फॉरवर्ड आलंय. अर्धी गोष्ट खरी आहे. सॅम फार्बर यांनी १९९०मध्ये ऑक्सो ही कंपनी बाजारात आणली, मऊ रबरी जाड मुठीची सोलाणी आणि तसली हत्यारं घेऊन, आणि सुरुवात बायकोच्या दुखऱ्या हातांपासूनच झाली. फॉरवर्डमध्ये गाळलेली अर्धी गोष्ट अशी की फार्बर नवखे नव्हते. कोपको नावाची स्वयंपाकाच्या भांड्यांची कंपनी त्यांनी आधी वर्षानुवर्षं चालवली होती, दुकानदार आणि कारखानदार त्यांच्या ओळखीचे होते. मूठ घडवायचं काम त्यांनी न्यूयॉर्कमधल्या स्मार्ट डिझाइन या कसलेल्या मंडळींना दिलं. बायकोवरचं प्रेम होतंच, धंद्याची समजही होती. बारावीच्या मुलीकडे पहिली गोष्ट आहे. दुसरी तुम्ही कर्ज काढून आणू पाहताय.

गिऱ्हाईक कोण, हाही प्रश्न पत्रात कुठे नाही. खवणी वापरणार आजी, पण विकत कोण घेईल? बहुधा डोंबिवलीचा चाकरमानी मुलगा, गणपतीला येताना आईसाठी. स्वतःच्या फ्लॅटमध्ये तो खवलेल्या खोबऱ्याचं फ्रोझन पाकीट आणतो. म्हणजे खोक्यानं मुलाशी बोलायचं आणि वस्तूनं आईशी. यातलं एक जरी फसलं तरी माल माळ्यावर.

चित्रकलेचं म्हणाल, तर किर्लोस्कर उद्योग उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलाच शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तर शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत. चांगली वस्तू आणि घेतली जाणारी वस्तू यांच्यामध्ये केवढं अंतर असतं, ते त्यांना विचारावं. तुमच्या मुलीला सुंदर देखावे काढता आले नाहीत तरी बिघडत नाही. डोक्यातली वस्तू दुसऱ्याला कळेल इतपत रेघ हवी, ती सरावानं येते.

प्रवेशाचं थोडक्यात: बी.डिझाइन या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती प्रवेश परीक्षा यूसीड, जानेवारीत, कुठल्याही शाखेची बारावी चालते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा डॅट, दोन टप्प्यांत, दुसऱ्यात हातानं वस्तू करून दाखवावी लागते. फॉर्म पावसाळा सरता सरता निघतात, तारखा त्यांच्या साइटवरच बघा. तिला साचे आणि यंत्रंच आवडू लागली तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमाही वाईट नाही. कंपनी नको. निदान पाच वर्षं तरी नको.

यापुढचं तुमच्या मुलीसाठी. पत्र तिच्या हातात द्या.

बाळ, तुझी खवणी फसली असेल तर फारसं बिघडलेलं नाही, फक्त ते मोठ्यानं म्हणायची सोय तुला कुणी ठेवली नाही. आता एक काम सांगते. यंदा गणपतीत तुमच्याकडे आणि शेजारीपाजारी नारळांचे ढीग लागतील. तुझी खवणी, आजीचा आडाळो, म्हणजे तिची विळी, आणि एक साधं स्टूल घेऊन पाच घरांत जा. हे मी केलंय असं कुणाला सांगू नकोस, नाहीतर सगळ्या काकू 'छान गो' म्हणतील आणि तुला काहीच कळणार नाही. कसं वापरायचं तेही सांगू नकोस. नुसती बाजूला बस आणि वहीत लिही: कोण कुठे थांबली, ताट कितीदा सरकलं, एक कवड संपायला किती वेळ लागला, दुसरा नारळ कुणी कशावर घेतला. दुसरा नारळ महत्त्वाचा. पहिला सगळ्या जणी तुझ्या खवणीवर घेतील, गंमत म्हणून.

सुरुवात आजीपासून कर. ती विळीवर बसली असताना पाटाची उंची, तिच्या कोपराची उंची, पाय कुठे दाबते, सगळं मोजून घे. आणि गौरी-गणपती जाईपर्यंत वही बाबांना दाखवू नकोस.