'हंगाम' शेताचा आणि मैदानाचा

अमेरिकेत मुलीकडे चार महिने राहून आलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे. मुलगी अ‍ॅन आर्बरला असते. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या 1901 सालच्या अमेरिकी फुटबॉल संघाची गोष्ट त्यांना मराठीत लिहायची आहे. मसुदा त्यांनी पाठवला आहे, पण ते शीर्षकातच अडले आहेत. त्यांनी 'मिशिगनचा अजिंक्य हंगाम' असं शीर्षक दिलं होतं. त्यांचे एक मित्र म्हणाले, "हंगाम हा ज्वारी-उसाचा शब्द. खेळाला मोसम म्हण, नाहीतर सरळ सीझन लिही." तर यातलं बरोबर काय?

हंगाम बरोबर. 'अजिंक्य'बद्दल मात्र माझी हरकत आहे, त्याकडे नंतर येतो.

हंगाम मूळचा फारसी. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की वेळ, एखाद्या गोष्टीची नेमकी वेळ. मराठीत आल्यावर त्याला माती लागली आणि तो भरदार झाला. आपण पेरणीचा हंगाम साधतो, वेळेवर झालेल्या पेरणीला हंगामशीर म्हणतो, पावसाने दडी मारली की हंगाम हातचा जातो. या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान आहे. हंगाम नुसता येत नाही, तो माणसाला कामाला लावतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवटी पदरात काय पडलं याचा हिशोब असतो. ऋतूचं तसं नाही. शरद ऋतू तुम्ही काही करा न करा, येतो आणि जातो. म्हणून खेळाला 'ऋतू' कधीच चिकटला नाही.

माझं लहानपण साखर कारखान्याच्या गावात गेलं. गळीत हंगाम सुरू झाला की गेटजवळच्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी खडूने तीन आकडे लिहिले जायचे: आजचं गाळप, एकूण गाळप, उतारा (उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण). बैलगाड्यांच्या रांगेतले लोक उतरून आधी फळा वाचायचे. पॉइंटाच्या पुढचा उताऱ्याचा एक आकडा हलला तरी त्यावर दिवसभर चर्चा. पुढे मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की एकूण गाळपाचा शेवटचा आकडा फळ्यावर तसाच राहायचा, पावसाने धुऊन जाईपर्यंत. मिशिगनच्या त्या वर्षीच्या सामन्यांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो फळा आठवला.

ती यादीच पाहा. 28 सप्टेंबर 1901 ला आल्बियन कॉलेजवर 50-0. मग केसवर 57-0, इंडियानावर 33-0, नॉर्थवेस्टर्नवर 29-0. ऑक्टोबरच्या शेवटी बफेलोवर 128-0. हा आकडा छापताना चुकला असेल असं वाटतं, पण तो खराच आहे. पुढे कार्लाइल 22-0, ओहायो स्टेट 21-0, शिकागो 22-0, बेलॉइट 89-0, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आयोवा 50-0. आणि शेवटचा सामना कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला, स्टॅनफर्डवर 49-0. अकरा सामने, एकूण गाळप 550. समोरच्या अकराही संघांना भोपळा फोडता आला नाही. फिल्डिंग योस्ट हे प्रशिक्षक त्याच वर्षी मिशिगनला आले होते, आणि आधीच्या वर्षी ते शिकवत होते ते याच स्टॅनफर्डला. संघाला 'मिनिटाला एक गुण' असं नाव पडलं.

आता 'हंगाम'च का, याचं सगळ्यात पक्कं कारण या यादीच्या शेवटच्या ओळीत आहे. पॅसाडिनाचा सामना झाला 1 जानेवारी 1902 ला, आणि तरीही तो 1901 च्या खात्यात जमा आहे. तुम्ही 'मिशिगनचं 1901 हे वर्ष' असं लिहिलंत, तर हा सामना वर्षाबाहेर पडतो आणि बेरीज 501 वर थांबते. 'हंगाम' लिहिलंत की वाचक अडखळतच नाही. रब्बीची पेरणी एका वर्षात आणि काढणी दुसऱ्या वर्षात होते, कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपतो, हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कॅलेंडरची रेघ ओलांडायची सोय या शब्दात आधीपासून आहे.

शिवाय एक योगायोग मला फार आवडतो. 'खरीप' हा शब्द अरबीतून आला, आणि अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू. अमेरिकी कॉलेज फुटबॉल हा शरदाचाच खेळ. त्या काळी सप्टेंबरअखेर सुरू, नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला मोठा सामना, की बहुतेकांचं संपलं. हंगाम शेतीचा शब्द म्हणून खेळाला परका, हे त्या मित्रांचं म्हणणं म्हणूनच पटत नाही.

आणि खेळाला तर हा शब्द मुळीच परका नाही. नगर-नाशिककडे जत्रेच्या पत्रिकेत आजही छापतात: 'दुपारी 3 वाजता कुस्त्यांचा जंगी हगामा'. हा हगामा म्हणजे फारसी 'हंगामा', हंगामचाच भाऊबंद. फारसीत त्याचा अर्थ जमाव, गर्दी, गलका. हिंदीत त्यातला गलका तेवढा उरला. आपल्याकडे गावकऱ्यांनी जमाव आणि गलका दोन्ही ठेवले आणि मध्ये तांबडी माती घातली. म्हणजे एक भाऊ शेतात गेला आणि एक आखाड्यात.

मोसम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तोही बाहेरचाच, अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेला काळ. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून इंग्रजीत मान्सून झाला आणि आपल्याकडे मोसमी वारे म्हणून राहिला. गोव्यातल्या मराठी दैनिकांत फुटबॉलच्या बातम्यांना 'मोसम' सर्रास वाचायला मिळतो आणि तिथे तो गोडही लागतो. मला त्यात हवामान जरा जास्त ऐकू येतं, इतकंच. तुम्ही गोव्याचे असाल तर बेलाशक मोसम लिहा.

'पर्व' नको. ते टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी आणि आयपीएलने नंबर घालून वापरलंय, पहिलं पर्व, दुसरं पर्व. 'सत्र'ही नको. चोऱ्यांचं सत्र, पराभवांचं सत्र असं वाचून वाचून त्याला वाईट वास लागलाय. 'सीझन' बोलताना मीही म्हणतो, पण अख्खा लेख लिहायचा असेल तर हाताशी असलेला शब्द सोडू नये. फक्त एका ठिकाणी जपा. 'हंगामाचे खेळाडू' लिहा, 'हंगामी खेळाडू' लिहू नका. हंगामी म्हटलं की मराठी वाचकाला तात्पुरता माणूस दिसतो, पुढच्या महिन्यात कामावरून कमी होणारा.

आता 'अजिंक्य'. ज्याला हरवणं शक्यच नाही तो अजिंक्य. जो अजून हरलेला नाही तो अपराजित. पहिला शब्द स्वभाव सांगतो, दुसरा आजपर्यंतची नोंद. मिशिगनच्या बाबतीत हा फरक जिवंत आहे. 1901 नंतरही ते हरेनात. 1903 मध्ये मिनेसोटाने 6-6 अशी बरोबरी साधली, तेवढा एक ओरखडा. 1901 पासून असे 56 सामने गेले. मग 30 नोव्हेंबर 1905 ला, पुन्हा थँक्सगिव्हिंगलाच, शिकागोविरुद्ध मिशिगनचा खेळाडू चेंडू हातात असताना आपल्याच गोलरेषेमागे अडवला गेला. त्याचे समोरच्यांना दोन गुण मिळतात. सामना 2-0 ने गेला. पाच हंगामांत 2821 गुण करणारा संघ दोन गुणांनी हरला. 'अजिंक्य' लिहून ठेवलं असतं तर तो शब्द त्या दुपारी खोटा पडला असता. 'अपराजित' खोटा पडत नाही, फक्त त्याची मुदत संपते. शिवाय 'अजिंक्य' म्हटलं की आपल्या वाचकाला अजिंक्यपद आठवतं, आणि 1901 मध्ये मैदानावर खेळून मिळवायचं राष्ट्रीय अजिंक्यपद नव्हतंच. तेव्हा शीर्षक करा 'मिशिगनचा अपराजित हंगाम'.

तुमच्या मसुद्यातल्या आणखी दोन जागा. तुम्ही लिहिलंय, 'मिशिगनने 550 गोल केले'. इथे गुण हवेत. त्या काळी चेंडू घेऊन गोलरेषेपार गेलं की पाच गुण, त्यावर मारलेली किक साधली की आणखी एक. सहा गुण पुढे 1912 पासून झाले. आणि पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य घाला, की हा आपला फुटबॉल नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ आहे, आणि तेव्हा चेंडू पुढे फेकायलाही बंदी होती. ती मुभा 1906 मध्ये मिळाली. हे सांगितलं नाही तर कोल्हापूरचा वाचक 128-0 वाचून गोलरक्षकाला शोधत बसेल.

दुसरी जागा शेवटाची. 'आठ मिनिटे बाकी असताना स्टॅनफर्डने सामना सोडला', असं तुमचं वाक्य आहे. तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतं, पण मराठीत 'सामना सोडला' म्हणजे मुद्दाम हरले, आतून काहीतरी ठरलं होतं. त्या पोरांवर हा आळ नको. अ‍ॅन आर्बरच्या बर्फातून आलेला संघ कॅलिफोर्नियाच्या उन्हात खेळत होता, मिशिगनने अकरापैकी एकही गडी बदलला नव्हता, त्यांच्या नील स्नोने एकट्याने पाच वेळा चेंडू गोलरेषेपार नेला होता. स्टॅनफर्डचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते. तेव्हा त्यांच्या कर्णधाराने मिशिगनच्या कर्णधाराकडे जाऊन आता थांबूया म्हटलं. म्हणून तिथे लिहा: 'आठ मिनिटे बाकी असताना स्टॅनफर्डने हार मानली.'