आधी ओठ सांभाळ
पहिल्याच महिन्यात ट्रम्पेटवर वरचे सूर काढायची घाई करतोयस, म्हणून सांगतो. माउथपीस, म्हणजे फुंकायचं टोक, ओठांवर दाबून सूर चढतो खरा, पण ओठ जातात. जॅझचा बादशहा ट्रम्पेटवादक, खुद्द लुई आर्मस्ट्राँगचे गेले. १९३५ साली त्याला काही महिने ट्रम्पेट बाजूला ठेवावा लागला. रोज आधी खालचे लांब सूर धर, श्वास पोटातून घे. ओठ थकले की थांब. (मी थांबलो नव्हतो, आठवडाभर गरम चहासुद्धा पिववेना.)

आणि भरपूर ऐक. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, याला मुंबईत लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या संगीताच्या ‘अलबेला’त (१९५१) तो पडद्यावरही दिसतो. त्यातले ट्रम्पेटचे तुकडे आधी गुणगुणून पाठ कर, मग वाजव.