मुंबईत राहून गावच्या तलावासाठी काय करता येईल?

करता येईल, आणि कराच. परळ-लालबागच्या ग्रामस्थ मंडळात तलावातला गाळ काढायला वर्गणी काढण्याआधी ग्रामसभेचा ठराव मागा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ पासून आहे. गाळ शेतकरी आपल्या शेतात नेतात. हलक्या रानात तो पडला की ओल जास्त दिवस टिकते. काम उन्हाळ्यातच. पण फक्त गाळ काढा. पोकलेन खालच्या मुरमात घुसलं तर साठवण तलाव पाणी धरत नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, तीही बघून घ्या.

खरा प्रश्न त्यानंतरचा. भरलेला तलाव उसासाठी उपसला तर उन्हाळ्याआधीच तळ दिसेल. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. माझ्या मते मंडळाने वर्गणी देताना हीच अट घालावी.