नशा सुटेपर्यंत थांबू नका

ताई, भावाची हेपेटायटिस सीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि 'आधी नशा सोड, मग औषध' म्हणून त्याला परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. हेच मला मुंबईत एका सरकारी खिडकीवर ऐकवलं होतं. कुठली खिडकी ते सोडा. 'क्लीन होऊन ये.' लेखी द्या म्हटलं तर केसपेपर माझ्याकडेच सरकवला.

तेव्हा माझं गर्द (ब्राउन शुगर) चालू होतं, सुईनेच. आमच्या टोळक्यात सुया ज्याच्या त्याच्या, पण चमचा एक, पाणी एक आणि गाळायला कापसाचा बोळा एक. वापरलेली सुई एकदा त्यात बुडाली की डोळ्याला न दिसणारं रक्त सगळ्यांच्या वाट्याला. मला वेळेत गोळ्या मिळाल्या असत्या तर निदान माझा विषाणू तरी त्या चमच्यात उतरला नसता. क्लीन माणसाकडून कुणाला लागण होणार होती? ज्याच्यामुळे पसरतं त्यालाच रांगेबाहेर काढायचं, ही कुठली अक्कल!

ही अट बहुतेक इंटरफेरॉनच्या जमान्यातली. ती इंजेक्शनं महिनोन्‌महिने चालायची, माणूस नैराश्यात जायचा. आता बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या, आणि शंभरातले पंचाण्णव तरी बरे होतात. नशा चालू असली तरी उपचार नाकारू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपेटायटिस कार्यक्रमात तपासणी-औषध फुकट आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात उपचार केंद्र कुठे ते विचारा. एकटं पाठवू नका, सुया वाटणाऱ्या संस्थेचा माणूस सोबत न्या. त्याच्यासमोर खिडकीची भाषा बदलते.

मी डॉक्टर नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. टीबीची औषधं चालू असतील तर आधीच सांगा, त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे या गोळ्यांचा जोर ओसरतो. हेपेटायटिस बीचीही टेस्ट करून घ्या. आणि ओएसटीची, म्हणजे गर्दच्या जागी केंद्रावर देतात ती जिभेखालची गोळी जमली तर उत्तमच, पण तिच्यासाठी हे उपचार अडवून ठेवू नका. बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते. चमचा-कापूस वेगळा हवाच.

अँटिबॉडी टेस्ट बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते. त्यामुळे आत्ता आरएनए टेस्ट (रक्तात विषाणू खरंच आहे का ते दाखवणारी) मागा, गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी परत करा, आणि तो निगेटिव्ह कागद लॅमिनेट करून ठेवा. पुढे कुठलंही ऑपरेशन निघालं की लागतो.