पुस्तक घेण्याआधी आवृत्ती कुठली ते बघ

नाव तेच, लेखक तोच, म्हणून मजकूरही तोच असेल असं धरून चालू नकोस. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये १९९७ला 'फिलॉसॉफर्स स्टोन' नावाने आलं, अमेरिकेत १९९८ला 'सॉर्सरर्स स्टोन' म्हणून. तिथे शीर्षक आणि काही शब्द बदलले, गोष्ट तीच राहिली. अशा फरकासाठी जादा पैसे मोजू नकोस.

पण अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' घेताना प्रकरणं मोज. १९६२च्या ब्रिटिश आवृत्तीत २१ आहेत, तीन भागांत सात-सात. अमेरिकी प्रकाशकाने शेवटचं गाळलं; तिथे ते छापायला १९८६ उजाडलं. त्याच प्रकरणात नायक ॲलेक्सला हिंसेचा कंटाळा येतो, संसाराचे विचार सुचू लागतात. मी आधी २० प्रकरणांची प्रत वाचली होती. पूर्ण प्रत हाती आली तेव्हा वाटलं, आपण ही कादंबरी वाचलीच नव्हती.

हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीचं उलट झालं. १८५१ची लंडनची आवृत्ती 'द व्हेल' नावाने निघाली, पण निवेदक जिवंत राहिला हे सांगणाऱ्या उपसंहाराशिवाय. निवेदक बुडाला तर गोष्ट सांगतंय कोण, असं तिथल्या समीक्षकांनी विचारलं. बिचारा मेलव्हिल!

मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मुखपृष्ठावर भुलू नकोस. शीर्षकपान उलट, मागच्या बाजूला प्रकाशक, शहर आणि साल दिलेलं असतं. मग शेवटचं प्रकरण उघडून बघ, आणि त्यानंतरच भाव विचार.